आधी हवेची ओळख, मग मास्क

बोरिवली तालुक्यातील गोराईच्या एका वाडीत वांग्यावरील किडीविषयी बोलणे चालले असता वाडीचे वृद्ध मालक फवारणीच्या तयारीस लागले. औषधाच्या बाटलीवर पिवळा त्रिकोण होता. तोंडाला काय बांधणार, असे मी सहज विचारले. ते म्हणाले, "साहेब, करोनातला मास्क आहे की घरात. एन-९५ आहे, साधा नव्हे. तो चालेल ना?" घरातून त्यांनी तो आणविला. मास्क खरोखरच चांगल्या प्रतीचा होता व जपून ठेवलेला होता. तरीही तो त्या कामास पुरेसा नव्हता, आणि हे त्यांना पटवून देण्यास मला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात जे बोलणे झाले तेच थोडे विस्ताराने येथे मांडावे, असा हेतू आहे.

मुंबई उपनगरांत शेती ती कोठली, असे घाटावरील वाचकांस वाटेल. गोराई व मनोरीच्या वाड्या, आरे दुग्ध वसाहतीतील गोठे व तेथील पाड्यांवरचा भाजीपाला, अंधेरी-पवई भागांतील रोपवाटिका एवढा पसारा अजून आहे. शिवाय ह्या भागात कारखाने व शेती इतकी शेजारी नांदली, की कारखान्यातील कामगारांस धुळीने व वायूने जे शिकविले ते शेतकऱ्यानेही शिकावे, अशी सोय येथे आपोआप झाली आहे. दुर्दैवाने ती शिकवण कारखान्याच्या फाटकाबाहेर फारशी आलीच नाही.

वाडीच्या मालकांची चूक होती असे मी म्हणणार नाही. २०२० साली आलेल्या कोविडच्या साथीने मास्क हा शब्द घराघरांत नेला. पण त्याबरोबर मास्क म्हणजे एकच वस्तू, फार तर हलकी आणि भारी अशा तिच्या दोन प्रती, अशी समजूतही घराघरांत गेली. आपण विस्ताराचे काम करणाऱ्यांनीही ती दृढ केली. फवारणीच्या हंगामात आपण सभा घेतो, "मास्क वापरावा" असे सांगतो, जमल्यास कापडी पट्ट्या वाटतो व अहवालात संख्या लिहितो. कोणता मास्क, कशासाठी व कोठे मुळीच नाही, हे आपण सांगत नाही. माझे मत असे की चुकीचा मास्क हा उघड्या नाकापेक्षा पुष्कळदा अधिक धोक्याचा ठरतो. उघड्या नाकाचा मनुष्य भीत असतो, वास आला की मागे सरतो. मास्क लावलेला मनुष्य निर्धास्त होऊन पुढे जातो.

कामाच्या जागेवरील हवेत दोष तीन प्रकारचे असतात. एक, हवेत घन कण असतात, म्हणजे धूळ, भुसा, बुरशीची बीजे. दोन, हवेत वाफ किंवा वायू मिसळलेला असतो. तीन, हवेत प्राणवायूच पुरेसा नसतो. पहिल्या दोषास गाळणी चालते. दुसऱ्यास साधी गाळणी चालत नाही, कोळशाची लागते. तिसऱ्यास कोणतीही गाळणी चालत नाही. कारण गाळणी हवेतून नको ते काढून टाकते, नसलेली वस्तू ती आणून देत नाही. एवढे तीन भेद ज्यास समजले त्याने मास्कचे शास्त्र बहुतांशी जाणले असे समजावे.

धुळीचे प्रकरण सोपे आहे. परंतु धूळ सावकाश मारते, म्हणून तिची कोणी पर्वा करीत नाही. मुलुंड येथे अॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे तयार करण्याचा कारखाना होता, व घाटकोपर येथे अॅस्बेस्टॉस वापरून गाड्यांच्या ब्रेकची अस्तरे बनविली जात. ह्या पट्ट्यातील कारखान्यांत कोकणातून व घाटावरून आलेल्या माणसांनी आयुष्ये घालविली. मुंबईतील अॅस्बेस्टॉसच्या एका कारखान्यातील १८१ कामगारांच्या तपासणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ४१ जणांना अॅस्बेस्टोसिस, म्हणजे त्या तंतूंनी फुप्फुस कठीण होत जाण्याचा रोग जडलेला आढळला. हा रोग वर्षानुवर्षांनी दिसतो आणि मग उलटत नाही. शेतकऱ्याचा ह्याच्याशी संबंध एवढाच की तोच पत्रा त्याच्या गोठ्यावर असतो. नवा पत्रा बसविताना किंवा जुना फुटका काढताना विजेच्या कटरने तो कापला जातो, पांढरा धुरळा उडतो आणि कापणारा फार तर तोंडावर उपरणे घेतो. हे काम गाठ पडेल तितके टाळावे. टाळणे अशक्यच असेल तर पत्रा पाण्याने भिजवून हातकरवतीने कापावा, कटर लावू नये, आणि तोंडास 'एफएफपी-३' ह्या दर्जाचा मास्क असावा. हा दर्जा मास्कवर छापलेला असतो. एफएफपी-१ सुमारे ८० टक्के, एफएफपी-२ सुमारे ९४ टक्के आणि एफएफपी-३ सुमारे ९९ टक्के बारीक कण अडवितो. भारतीय मानक ९४७३ हे ह्याच मास्कांसाठी आहे. ओळखीचा एन-९५ हा एफएफपी-२ च्या पंक्तीत बसतो.

मळणी, भुसा भरणे, कोंबड्यांच्या शेडची झाडलोट आणि बुरशी आलेला पेंढा हलविणे ह्या कामांस घरातील तो एन-९५ अगदी योग्य होय. बुरशीचा पेंढा वारंवार हाताळणाऱ्यास संध्याकाळी ताप, खोकला व धाप लागते, सर्दी म्हणून ती अंगावर काढली जाते आणि काही वर्षांनी चढण चढवत नाही. आरेतील गोठ्यांत वैरण उतरविणाऱ्या माणसांस हे वेगळे सांगावे लागत नाही; त्यांतील जुनी माणसे गंजीचा तळ हलविताना नाक दाबतात. मात्र उपरणे, रुमाल व साधी वैद्यकीय पट्टी ह्यांच्या कडांतून हवा सरळ आत येते. ती पट्टी मुळात रुग्णाला वैद्याच्या श्वासापासून वाचविण्यासाठी आहे, वैद्याला धुळीपासून वाचविण्यासाठी नव्हे.

आता फवारणीकडे वळू. २०१७ च्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात यवतमाळ जिल्ह्यात जे घडले ते ह्या पत्रिकेच्या वाचकांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात दाखल झाले व वीसांहून अधिक दगावले. राज्य शासनाने विशेष चौकशी पथक नेमले, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. त्यांत मोनोक्रोटोफॉस होते, प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिन ह्यांचे मिश्रण होते, डायफेन्थ्युरॉन होते. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. पाठीवरच्या जोरदार पंपातून अतिशय बारीक तुषार उडत होते. दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती. ऊन व दमट हवा होती. मजूर त्या तुषारांच्या ढगातून चालत होता व त्याच्या तोंडावर फार झाले तर रुमाल होता.

हा रुमाल का निरुपयोगी ठरतो हे नीट पाहिले पाहिजे. फवारणीच्या हवेत औषधाचे सूक्ष्म थेंब असतात आणि औषधाची व त्यातील द्रावकाची वाफही असते. रुमाल प्रथम मोठे थेंब अडवितो खरा, पण तो भिजतो. भिजलेला रुमाल म्हणजे नाकातोंडास बांधलेली विषाची घडी. पुढचा प्रत्येक श्वास त्या ओल्या विषावरून आत येतो, आणि ओठांची व गालांची कातडी ते शोषून घेते ते निराळेच. एन-९५ बारीक थेंब अडवितो, परंतु वाफ त्यातून पाण्यातून मासा जावा तशी निघून जाते. औषधाचा वास मास्कच्या आत येतो तो त्यामुळेच. गोराईच्या मालकांस हे पटले ते असे: त्यांच्याच एन-९५ वर त्यांना हात घट्ट दाबून धरण्यास सांगितले आणि रॉकेलने ओली केलेली चिंधी हातभर अंतरावर धरली. वास आला. कोळशाच्या डबीचा मास्क लावून तेच केले, वास आला नाही. गावच्या सभेत व्याख्यान देण्यापेक्षा हे प्रात्यक्षिक करावे. चुलीपासून दूर, मोकळ्या जागेत मात्र करावे.

फवारणीस योग्य मास्क तो, ज्यास रबराचा अर्धा मुखवटा असून दोन्ही गालांवर बदलता येणाऱ्या डब्या असतात. डबीत सक्रिय कोळसा असतो व त्याच्या पुढे कणांची गाळणी असते. युरोपीय पद्धतीच्या डबीवर सेंद्रिय वाफेसाठी तपकिरी पट्टा आणि कणांसाठी पांढरा पट्टा असतो. फवारणीला दोन्ही पट्टे असलेली डबी पाहून घ्यावी. हिरवा पट्टा अमोनियासाठी, पिवळा गंधकाच्या धुरासारख्या आम्लवायूंसाठी आणि करडा क्लोरीनसारख्या वायूंसाठी असतो. विक्रेता रंग न पाहता जी डबी हाताशी येईल ती देतो. घेणाऱ्याने बाटलीवरील पत्रक बरोबर न्यावे व डबीवरील अक्षरे पत्रकाशी ताडून पाहावीत. आणखी एक सांगण्यासारखे असे की आपल्या बाटल्यांवरील त्रिकोणाचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग विषाची तीव्रता सांगतो, वर सांगितलेल्या डबीच्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही. हे दोन रंगांचे हिशेब एकमेकांत मिसळलेले मी अनेकदा पाहिले आहेत. हिरव्या त्रिकोणाच्या औषधास हिरव्या पट्ट्याची डबी घेतलेला मनुष्य स्वतःस फार जाणता समजत होता.

डबीचा कोळसा जन्मभर पुरत नाही. पुडा फोडला की हवेतील दमटपणा व वाफा तो शोषू लागतो, मग कोणी तो मास्क लावो वा न लावो. कोकणच्या व मुंबईच्या पावसाळी हवेत हे अधिकच लवकर होते. म्हणून काम होताच डब्या काढून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात, पुडा फोडल्याची तारीख त्यावर लिहावी, कारखानदाराने दिलेली मुदत पाळावी, आणि मुदत असूनही आत वास येऊ लागला तर त्याच क्षणी फवारणी थांबवावी. डबी धुऊन उन्हात वाळवून पुन्हा वापरण्याची युक्ती कोणी सांगेल, ती ऐकू नये. धुतल्याने कोळसा बिघडतो. रबरी मुखवटा मात्र साबणाच्या पाण्याने अवश्य धुवावा.

येथे एक प्रामाणिक तक्रार नोंदविली पाहिजे. शेतकरी म्हणतात, आश्विनाच्या उन्हात हा मुखवटा दहा मिनिटेही सहन होत नाही, जीव गुदमरतो. ही तक्रार खरी आहे. मी स्वतः लावून पंप घेऊन फिरलो आहे, आणि कचेरीत बसून "मास्क काढू नये" असे परिपत्रक लिहिणे किती सोपे असते ते तेव्हा कळले. माझे म्हणणे असे की ज्या उन्हात मुखवटा सहन होत नाही त्या उन्हात फवारणीही करू नये. कारण उष्णतेने वाफ वाढते, घामाने भिजलेली कातडी विष अधिक ओढते. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, थोड्या थोड्या वेळाने सावलीत जाऊन विसावा घेत काम करावे. दिवसाला इतके पंप झालेच पाहिजेत असा हिशेब घालणारा मालक मजुरास मुखवटा देऊनही त्याचा उपयोग होऊ देत नाही.

फवारणीत विषाचा मोठा वाटा कातडीतून शिरतो, हेही विसरता कामा नये. मास्क चांगला आणि हात उघडे, असे करून भागत नाही. सर्वांत धोक्याची वेळ फवारणीची नसून औषध मिसळण्याची असते, कारण तेव्हा ते पाण्यात पातळ झालेले नसते. नेमके त्याच वेळी मास्क गळ्यात लोंबत असतो व काठी शोधण्याचा कंटाळा करून हाताने ढवळले जाते. पंपाचे तोंड तुंबले की मास्क खाली ओढून तोंडाने फुंकर मारणे आणि मधल्या सुट्टीत त्याच हाताने तंबाखू मळणे ह्या दोन सवयी जेथे आहेत तेथे शेकडो रुपयांचा मुखवटा वाया गेला असे समजावे. तोंड साफ करण्यास जुना दात घासण्याचा ब्रश पंपालाच बांधून ठेवावा.

ह्याहूनही आधीचा एक प्रश्न ग्रामकार्यकर्त्याने विचारला पाहिजे, तो म्हणजे हे औषध हवेच का? मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ पासून मनाई आहे. तरी पुढे कित्येक वर्षे ते वांग्यावर व भेंडीवर पडत राहिले. जे विष वापरावयाचेच नाही त्यासाठी उत्तम मास्क कोणता, ह्याची चर्चा करणे म्हणजे चोराला कुलूप कसे उघडावे ते शिकविण्यासारखे आहे. लाल व पिवळ्या त्रिकोणाऐवजी निळ्या वा हिरव्या त्रिकोणाचे औषध चालत असेल, किंवा शेंडेअळी लागलेले शेंडे खुडून व कामगंध सापळे लावून काम होत असेल, तर श्वासाचे रक्षण तेथेच अर्धे झाले.

धान्यात ठेवण्याच्या गोळ्यांविषयी दोनच वाक्ये. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम फॉस्फिन वायू निघतो, आणि ह्या गोळ्या शासकीय यंत्रणेने किंवा तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरावयाच्या आहेत. ज्या घरात माणसे निजतात तेथे त्या ठेवणाऱ्याने मास्कचा प्रश्न विचारूच नये. गोळ्या ठेवू नयेत, एवढेच उत्तर आहे.

आता तिसरा दोष. हा लेख लिहिण्याचे मुख्य कारण तोच आहे.

९ एप्रिल २०२४ रोजी तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात वाकडी ह्या गावी एका जुन्या विहिरीत मांजर पडले. विहीर पाण्याची राहिली नव्हती. तिच्यात शेणाची मळी साठविली जात असे. मांजर काढण्यास एकजण उतरला, तो वर आला नाही. त्याला काढण्यास दुसरा उतरला. असे सहाजण उतरले व पाच मृत्यू पावले. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता.

मुंबई उपनगरांतही हेच घडते, फक्त विहिरीच्या जागी टाकी असते. मार्च २०२२ मध्ये कांदिवलीच्या एकता नगरात सार्वजनिक शौचालयाच्या टाकीत तीन कामगार गेले. मार्च २०२५ मध्ये मुंबई शहरातील नागपाडा येथे बांधकाम चालू असलेल्या इमारतीची पाण्याची टाकी साफ करण्यास उतरलेले चार कामगार मरण पावले. ती टाकी पाण्याची होती हे ध्यानात घ्यावे. मैला नाही, वास नाही, तरी मृत्यू आला. बंद टाकीत पुष्कळ दिवस हवा खेळली नाही तर गंजणारे लोखंड व कुजणारा गाळ आतील प्राणवायू खाऊन टाकतात. मोकळ्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. १९.५ टक्क्यांच्या खाली जागा असुरक्षित समजतात. १० टक्क्यांच्या आसपास मनुष्य शुद्ध हरपतो. आणि ६ टक्के असेल तर एकदोन श्वासांतच कोसळतो. गुदमरल्याची जाणीव होऊन तो परत शिडी चढेल, असे आपणांस वाटते. तसे घडत नाही. गुदमरल्याची जाणीव मुख्यत्वे शरीरात कर्बवायू साठल्याने होते, प्राणवायू कमी झाल्याने नव्हे. म्हणून ओरडण्यासही वेळ मिळत नाही, आणि वरच्यांना वाटते, पाय घसरून पडला असेल.

शेणाच्या खड्ड्यात ह्याच्या जोडीला हायड्रोजन सल्फाइड असतो. कुजक्या अंड्याचा तो वास सर्वांच्या परिचयाचा आहे. पण हवेच्या दहा हजार भागांत तो एक भाग झाला की थोड्याच वेळात नाक त्याला बधिर होते, आणि पाच ते दहा भाग झाला की तो काही क्षणांत मनुष्यास पाडतो. वास येईनासा झाला म्हणजे वायू निघून गेला असे समजून पुष्कळजण खाली उतरले आहेत. मळी शांत असते तोवर वायू तिच्यात कोंडलेला असतो. कोणी आत पाय घातला, काठीने ढवळले, की तो बुडबुड्यांनी एकदम वर येतो. त्यामुळे पहिल्याने उतरणाऱ्यास काही झाले नाही, म्हणून दुसऱ्यास होणार नाही, हा हिशेब येथे चालत नाही.

विहिरीत कंदील सोडून पाहण्याची आपली जुनी चाल आहे. ती शहाणपणाची होती, कारण कर्बवायू साठलेल्या विहिरीत ज्योत विझते व माणूस सावध होतो. परंतु हायड्रोजन सल्फाइडचे मारक प्रमाण ज्योतीला कळत नाही, आणि गोबर वायूच्या खड्ड्यात ज्वालाग्राही वायू असल्याने पेटता कंदील सोडणे म्हणजे बार उडविणे होय. विहिरीत डिझेल इंजिन ठेवून पाणी उपसले जाते, तेथे त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि फवारणीच्या मास्कची कोळशाची डबीही त्यास अडवीत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉल्डेन ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने खाणींसाठी लहान पक्ष्यांचा उपयोग सुचविला, तो ह्याच वायूसाठी. पक्षी माणसाच्या आधी पडत असे. आज त्याचे काम हातात मावणारे वायुमापक करते. प्राणवायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड व ज्वालाग्राही वायू ही चारही मोजणारे यंत्र बाजारात मिळते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की खड्डा, बंद टाकी व मळीची विहीर ह्यांसाठी ग्रामपंचायतीने मास्क विकत घेऊच नयेत. तेथे चालणारा एकच संच आहे, तो म्हणजे अग्निशमन दलाचे जवान पाठीवर घेतात ती दाबलेल्या हवेची टाकी व संपूर्ण चेहऱ्याचा मुखवटा. लोक त्यास ऑक्सिजनची टाकी म्हणतात, पण तिच्यात साधी हवाच दाबून भरलेली असते. ती जेमतेम अर्धा-पाऊण तास पुरते आणि शिक्षणावाचून वापरता येत नाही. असा संच कपाटात ठेवून प्रसंगी कोणा धाडसी तरुणास चढविणे म्हणजे आणखी एक बळी देणे होय. त्याच पैशांत पंचायतीने मळी वरून उपसणारा पंप, हवा आत ढकलणारा पंखा व त्याची लांब नळी, वायुमापक, आणि अंगास बांधण्याचा पट्टा व दोर घ्यावा. पंप असला म्हणजे आत उतरण्याचे कारणच उरत नाही. खड्ड्यावर लोखंडी जाळी असावी. मांजर पडणार नाही आणि मूलही पडणार नाही.

आणि कोणी पडलाच, तर? हा प्रश्न सभेत नेहमी येतो आणि विचारणाऱ्याचा चेहरा पाहिला म्हणजे उत्तर देणे जड जाते. बाप आत असताना मुलाला थांब म्हणणे सोपे नाही. तरी सांगितलेच पाहिजे: दोराशिवाय व हवेच्या टाकीशिवाय उतरणारा दुसरा मनुष्य पहिल्यास वाचवीत नाही, त्याच्या शेजारी पडतो. वरून दोर सोडावा, नळीने ताजी हवा आत मारावी, १०१ किंवा ११२ वर कळवावे आणि चार माणसांनी मिळून त्या मुलास धरून ठेवावे. हे चौघे कोण असतील ते गावात आधी ठरलेले असावे.

सार्वजनिक गटारे व शौचालयांच्या टाक्यांत माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंधन घातले आहे, आणि अशा मृत्यूबद्दल तीस लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. शेतावरच्या मजुरासाठी कीटकनाशक नियम १९७१ आहेत. संरक्षक कपडे व श्वसनाची साधने पुरविण्याची अपेक्षा त्यांत पन्नास वर्षांहून अधिक काळ लिहिलेली आहे. पण शेतावरचा मालक स्वतःच दोन एकरांचा धनी असतो व तोही पाठीवर पंप घेतो, त्यामुळे कोणी कोणास पुरवावे हे कागदावरच राहते. येथे एक व्यवहार्य मार्ग आहे. कोळशाच्या डबीचे पाच-सहा मुखवटे गावाच्या सहकारी सोसायटीने किंवा शेतकरी गटाने घ्यावेत, भाड्याच्या पंपाबरोबर ते द्यावेत आणि डब्यांचा खर्च पंपाच्या भाड्यात धरावा. पंप पाहिजे त्यास मुखवटा घ्यावाच लागेल. शंभर कापडी पट्ट्या वाटून जी छायाचित्रे निघतात ती ह्यात निघणार नाहीत, हे मान्य आहे.

मुखवटा घेताना तो चेहऱ्यावर बसतो की नाही ते पाहावे. दोन्ही डब्यांची तोंडे तळव्यांनी बंद करून श्वास आत ओढावा. मुखवटा चेहऱ्यास चिकटून आत ओढला गेला व तसाच राहिला तर बसला, कडेने फुस्स झाले तर बसला नाही. दाढीवर तो बसत नाही. मिशी कडेच्या आत मावत असेल तर हरकत नाही, भरघोस गलमिशा असतील तर अडचण होते, आणि आपल्याकडे मिशीचा विषय जरा नाजूक असल्याने कार्यकर्त्याने तो हसतखेळत काढावा. स्त्रियांच्या व लहान चेहऱ्याच्या माणसांसाठी लहान आकार मागवावा. निंदणीच्या बाया फवारलेल्या शेतात दुसऱ्याच दिवशी पाठविल्या जातात, त्यांना तर आजवर कोणी मापही विचारलेले नाही.

गोराईच्या मालकांनी त्या दिवशी फवारणी केली नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी अंधेरीहून डब्यांचा मुखवटा आणविला, औषध बदलून निळ्या त्रिकोणाचे घेतले, आणि करोनातला तो एन-९५ पेंढ्याच्या माळ्याजवळ, औषधांपासून दूर, प्लॅस्टिकच्या पिशवीत खुंटीला लावला.